घरी मला उपास असतो

"जुवेनाइल डायबेटिस," रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे लहानपणी होणारा मधुमेह. शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं. माझी मेधा तेव्हा अकरा वर्षांची. गेले काही दिवस घटाघटा पाणी पीत होती आणि वाळत चालली होती. रोज इंजेक्शन, जन्मभर, असं ते म्हणाले. त्यावर मी पहिला प्रश्न काय विचारावा? "हे कुणाला सांगावं लागतं का?"



सुई टोचायला मी लवकर शिकले. काचेची सिरिंज उकळायची, इन्सुलिनची बाटली माठाच्या गारव्यात ठेवायची. लघवी निळ्या औषधात घालून तापवायची आणि रंग बघायचा. निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर जास्त. सगळं दार लावून. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचं. कुणी लाडू पुढे केला की मी म्हणायचे, "तिचा उपास आहे." शेजारणी तिच्या भक्तीचं कौतुक करायच्या. मला ते बरंही वाटायचं.

गणपतीत हेदवीला सासरी गेलो. सोमवार होता, उपासाला निमित्त आयतंच. न्हाणीघरात लपून इंजेक्शन दिलं. खोलीत नेऊन तिला गुपचूप भाकरी द्यायचा बेत होता, पण खोली पाहुण्यांनी भरली. उपास म्हटल्यावर तिला खायचं कोण विचारणार? आरत्या लांबल्या. मेधाला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाणं. मला कळलं होतं. साखरेची पुडी कमरेला खोचलेली होती. पण त्या क्षणी मी मुलीकडे नाही, माणसांकडे बघितलं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. तिला मागीलदारी ओढत निघाले. दारापर्यंत पोचायच्या आत ती कोसळली, दातखीळ बसली.

गुहागरला डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा तिने डोळे उघडले. आणि घरी येऊन मी सांगितलं काय, तर उपास बाधला!

तपासणीला आम्ही अधूनमधून मुंबईच्या इस्पितळात जायचो. पुढच्या खेपेला तिथे एक नवीन बाई होत्या. मानसशास्त्रात पीएचडी झालेल्या, आणि आता मधुमेही मुलांच्या मनावरच्या संशोधनाचं पोस्टडॉक्टरल ट्रेनिंग घेत होत्या. म्हणजे एवढी पदवी मिळाल्यावर पुन्हा जाणत्या संशोधकांच्या हाताखाली शिकणं.

"डॉक्टर होऊन परत शाळेत?" आमचे हे हसले.

"हो ना. आणि नापास व्हायची भीती आता जास्त वाटते," बाई म्हणाल्या.

त्या मेधाशी एकटीशी बोलल्या. मग मला आत बोलावलं. "मी इथे शिकाऊ. माझं काम विचारण्याचं, सल्ला देण्याचं नाही. माझे सर रागावतील. पण तुम्हाला सांगायला मेधाने परवानगी दिलीय."

डायबेटिसमुळे घरी काय बदललं, असं त्यांनी तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "डायबेटिस मला इथेच असतो. घरी मला उपास असतो."

मला रडू आलं नाही, संताप आला. आधी बाईंचा. मग गाडीत बसल्यावर, रत्नागिरी येईस्तोवर, माझा.

पुढच्या गणपतीत जाऊबाईंनी विचारलं, "अगो, यंदाही उपास काय?"

"नाही. तिला डायबेटिस आहे. इंजेक्शन झालंय, ती आत्ता जेवेल."

"नैवेद्याआधी?" सासूबाई ताडकन उठल्या. "आणि हे चारचौघांत सांगतेस? पोरीला उद्या करून कोण घेईल?"

"आधी वाढ तरी गो आजी," मेधा म्हणाली. "भूक लागल्ये."

 मी स्वतः पान मांडलं आणि ती जेवेस्तोवर दारात उभी राहिले. सासूबाई पुढे वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चाललं.

त्या बाईंचं शिक्षण पुरं झालं की नाही, ठाऊक नाही. माझ्या मुलीला कुणीतरी तिचं म्हणणं विचारलं, याचे उपकार मी विसरणार नाही. मी ते कधी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरात असं मूल असेल तर दार उघडं ठेवून इंजेक्शन द्या. शाळेत सांगा, शेजारी सांगा, लग्नघरात सांगा. स्थळ मोडेल म्हणतात.

मोडू दे.