खुडूक कोंबडीची जागा

काल नातवानं भिजलेली कोंबडी घरात आणली आणि ओल्या पिसांच्या वासासरशी मला अनसिंगचं आमचं गळकं घर आठवलं.

पासष्टच्या लढाईचे दिवस होते. पावसाची झड थांबत नव्हती, वारा छपरावरचे कवेलू उचलत होता. कोरडी जागा फक्त चुलीजवळ उरली होती. मायनं तिथे अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी टोपल्यासकट आणून ठेवली. गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून टोपल्यात लोखंडी खिळाही ठेवला.

“माय, मंग तू कुठी बसशीन?” मी विचारलं.

“तिले उठता येत नाई. मले येते,” ती म्हणाली आणि गळतीखालची भांडी रिकामी करत राहिली.

तेव्हा वाटलं, मायचा कोंबडीवर भारी जीव. आता माझे पाय भरून येतात तेव्हा कळतं, माय तिच्याकडे हेव्यानं बघत होती. पिलं निघेस्तोवर त्या कोंबडीला ‘ऊठ’ म्हणणारं घरात कोणी नव्हतं.