वर गेलेलं परत येतं

कापडाच्या त्या जुन्या दुकानात पैसे खाली कुणी ठेवत नसे. विक्रेता नोटा आणि बिल पितळी डबीत घालायचा, डबी भिंतीतल्या नळीत सारायचा आणि नळीवर दोन टिचक्या मारायचा. हवेच्या जोरावर डबी माडीवर जायची. तिथल्या खोलीत बसणाऱ्या वरच्या बाई उलट दोन टिचक्या मारायच्या आणि सुटे पैसे घालून डबी खाली धाडायच्या. गिऱ्हाईक घाईला आलं की शर्टाचं कापड विकणारा, ज्याला सगळे शर्टवाला म्हणत, तो म्हणायचा, "काळजी नको. वर गेलेलं परत येतं, असं हे एकच दुकान."

वरच्या बाईंचे केस त्या खोलीतच पिकले. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ कधी आली नाही, म्हणून कान मंदावल्याचंही कुणाला कळलं नाही. टिचक्या ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा त्या डावा तळवा नळीवर टेकवून बसू लागल्या. टिचकी हाताला कळायची. घरी सून म्हणायची, "आई, कान दाखवून या." त्या म्हणायच्या, "तूच हळू बोलतेस." सुनेचा आवाज चार घरं पलीकडे जायचा.

मग हवा ओढणारा पंखा बंद पडला. मालक माडीवर येऊन काहीतरी बोलले, बाईंनी मान डोलावली. मालक गेल्यावर मागे उभा असलेला शर्टवाला समोर आला आणि ओठ दिसतील असं सावकाश बोलला.

"ताई, कशाला हो म्हणालात, कळलं का?"

"पंखा दुरुस्त करणार म्हणाले ना?"

"नळ्या काढणार म्हणाले. सोमवारपासून तुम्ही खाली, गल्ल्यावर."

बाईंनी नळीवरचा हात काढला. खाली माणसं तोंडाने बोलणार. पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडणार, आणि बहिरी बाई गल्ल्यावर कोण ठेवून घेईल? मग दिवसभर घर आणि सून.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"तुमच्या टिचक्या बदलल्या तेव्हापासून. हल्ली दार फोडल्यासारख्या मारता. गिऱ्हाईक दचकतं."

बाई हसल्या नाहीत. जिना उतरून थेट मालकांपुढे उभ्या राहिल्या. "मला कमी ऐकू येतं. गल्ला सांभाळेन, पण बोलणाऱ्याने माझ्याकडे तोंड करून बोलायचं."

मालक काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या.

"कानाचं यंत्र घ्या म्हणतोय! निम्मे पैसे दुकान देईल!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं.

यंत्र यायला अवकाश होता. सोमवारी बाई तशाच गल्ल्यावर बसल्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने शर्टवाल्याला विचारलं, "माडीवर एक बाई असायच्या ना?"

"वर गेल्या होत्या. परत आल्या."

गिऱ्हाईक खो खो हसलं. बाईंना फक्त त्याचे दात दिसले.

"काय म्हणालास रे? परत सांग. इकडे तोंड करून."