बापूंचं 'वर'

बापूंच्या हातात कुठलाही दगड दिला, की ते आधी तो उलटा करून बघत. भिंगारला माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचा, कागदांवर ठेवायचा दगड उचलून उलटा ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो डोक्यावर उभा हुता."

सावळेरामबापू मूळचे अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. दक्षिणेतल्या एका संस्थानाच्या खनिज खात्यात ते वीस वर्षं खलाशी होते. साहेबाचा हातोडा आणि दगडांची पिशवी वाहायची, हे काम. तिथल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाने त्यांना दगड वाचायला शिकवलं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचं मात्र त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "ह्यो उतावळा. भुईवर आला आन् भसकन निवला. त्यात काय जमायचं?" संस्थानातला खडक त्यांच्या मते समंजस होता.

"तिथं तापल्या दगडाचा रस खोल कोठीत अडाकला," ते सांगत. "लई सावकाश निवला. जड काळे खडे आदी तळाला बसले, थरावर थर. मग खालनं नवा रस घुसला आन् गंधकाचं थेंब सुटं झालं, ताकात लोनी सुटतं तसं. फकस्त ह्ये लोनी जड, खाली जातं. जाताना समद्या रसातलं प्लॅटिनम येचून नेतं."

असा हातभर जाडीचा थर बापूंनी शोधून काढला होता. वहीत लिहिलं होतं: काळ्या पट्ट्याच्या वर, चाळीस पावलं.

नव्या साहेबाने ती वही घेतली, शोध स्वतःच्या नावावर छापला आणि बापूंनी तोंड उघडू नये म्हणून नमुने चोरल्याचा आळ घालून त्यांना हाकलून दिलं. हा साहेब मराठीच, चांगला शिकलेला. त्याचं नाव मी लिहीत नाही, कागद विटाळायचा. गावात बापूंना 'दगडचोर' हे नाव पडलं. त्यांची आई वारली तेव्हा तेराव्याला आलेल्या बायकाही तिला दगडचोराची आईच म्हणत होत्या. त्यानंतर बापूंनी गाव सोडलं.

लढाई चालू असताना एका सकाळी तो साहेब मोटारीतून भिंगारला आला. चार वर्षं खणून हाती काही लागलं नव्हतं आणि वरिष्ठ जाब विचारायला लागले होते. मी तिथेच बसलो होतो. चोरीचा विषय त्याने काढलाच नाही. मांडीवर वही उघडून म्हणाला, "सावळ्या, हे वर म्हणजे नेमकं कुठं?"

"वर म्हंजी वर, साहेब."

"माथ्याकडंच ना?"

"वही तुमची हाय. त्यात लिव्हलंय."

साहेब समाधानाने निघून गेला. मग बापूंनी मला उलगडून सांगितलं. तो अख्खा डोंगर फार पूर्वी उलटा झालेला. जड खडे जिकडे बसले तो खडकाचा तळ, आणि त्याच्या उलट बाजूला ते वर; मग ते आज आभाळाकडे असो की जमिनीकडे. "खडकाचं वर आता पायथ्याकडं हाय. खडा भिंगाखाली धरला तरी कळतं. पन ह्यो साहेब कदी वाकलाच न्हाई."

मला इतका आनंद झाला, की मी पुन्हा चहा टाकला. साहेबाने आणखी दोन वर्षं माथाच पोखरला आणि मग त्याची नोकरी गेली. बापूंच्या जुन्या सोबत्याचं तसं पत्र आलं, ते मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.

पुढे बापू अंथरुणाला खिळले, तेव्हा मी जरा मवाळ झालो. म्हटलं, "बापू, आता तरी त्याला माफ केलंत का?"

"माफी मागाया त्यो आला कवा, मास्तर?" बापू म्हणाले. "त्यो पत्ता इचाराया आल्ता."

चार दिवसांनी ते गेले. तो पत्ता मला पाठ आहे. मी तो अजून कुणाला दिलेला नाही आणि देणारही नाही.