चिमूटभर सोडे

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना चारच गोष्टी खायची: घावन, मीठ घातलेला पांढरा भात, उकडलेला बटाटा आणि एका ठरावीक पुड्यातली बिस्किटं. पुड्याचा रंग बदलला तर तीही नाहीत. मासळीशिवाय ज्या घरात कुणाला घास उतरत नाही, तिथे असलं पोर म्हणजे आईचाच दोष, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पालीची नणंद अंगारा घेऊन आली. सासूबाई म्हणायच्या, "अगो, चार दिस उपाशी ठेव, आपसूक खाईल." ठेवलं होतं एकदा. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या पायरीवर चक्कर येऊन पडली, आणि तरी खाल्लं नाहीच. तेव्हापासून उपदेश करणाऱ्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. आपटलं कधी नाही, चहा करून द्यायचे.

नवरा बोटीवर. फोन लागला की त्याचा पहिला प्रश्न, "वजन किती?"

हा हट्ट नाही, आजार आहे, असं पहिल्यांदा सांगितलं ते रत्नागिरीतल्या आमच्या डॉक्टरांनी. अशा काही मुलांना वास, चव, नुसता स्पर्शसुद्धा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो म्हणे. यावर संशोधन करणाऱ्या एक बाई महिन्यातून एकदा मुंबईहून त्यांच्या दवाखान्यात यायच्या. मी लगेच त्यांच्या अभ्यासात मुलीचं नाव घातलं. बाईंनी एक वही दिली. मुलीने काय खाल्लं, काय टाकलं, त्या वेळी घरात काय घडलं, सगळं खरं लिहायचं. "काही चुकलं तर तेही लिहा, ताई. आम्हाला त्यातूनच कळतं," त्या म्हणाल्या. वजन आणखी उतरलं तर मुलीला भरती करून नळीने अन्न द्यावं लागेल, हेही त्यांनी सांगून टाकलं.

त्या नळीने माझा जीव टांगणीला लागला. मुलगी जेवायला बसली की मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. मला सतत भीती वाटायची, भाजी चिरतानासुद्धा. त्या भीतीच्या पोटीच ते केलं. पावसाळ्याच्या बेगमीचे सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, डब्यात होते. ते भाजून बारीक पूड केली आणि चिमूटभर घावनाच्या पिठात घातली. अंगात थोडं तरी काही जाईल, एवढंच मनात होतं. वास येईल हे डोक्यातच आलं नाही. आमच्या नाकांना सोड्यांचा वास हा वासच वाटत नाही, तो घराचाच असतो.

तिने दोन घावनं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही दोन. मी वहीत लिहिलं, सोड्यांचं मात्र गाळलं. तिसऱ्या दिवशी तिने ताट लांब सारलं आणि घावन कायमचं बंद झालं. चारातली एक गोष्ट मी माझ्या हाताने घालवली होती. वहीत लिहिलं, "घावन सोडलं. कारण कळत नाही."

पुढच्या खेपेला वजन उतरलेलंच निघालं. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. ताप आला होता का? घशात काही अडकलं होतं का? शाळेत काही झालं? मी नुसती नकारार्थी मान हलवत राहिले. कारण नसताना एक पदार्थ सुटला म्हणजे आजार वाढतोय, आता भरतीचा विचार करायला हवा, असं म्हणत त्यांनी पेन उचललं.

"मी त्यात सोडे घातले होते," मी म्हटलं. लाजेने मान वर होईना.

मुलगी शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग दोन दिवस खाल्लंस कशाला गो?"

"तू वहीत लिहिताना हसत होतीस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने आधी तो हुंगून बघितला.