जोडीला एक खोटी खिडकी

एका अरबी घराला मी एकच दार ठेवलं होतं. तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही; मलाही वाटलं नव्हतं. माझं लहानपण पुण्यात दोन खोल्यांत गेलं. एकाच दारातून दूधवाला यायचा, जावई यायचे, सत्यनारायणाचे गुरुजी यायचे आणि शेजारचं मांजरही यायचं. घराला दार एकच असतं, हे मी शाळेत जायच्या आधीच शिकले होते. पुढे आर्किटेक्चरच्या शिक्षणाने त्यात काडीची भर घातली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, आखातात दुबईच्या पलीकडल्या रास अल खैमाची. नवरा सिमेंटच्या कारखान्यात, मी एका लहानशा ऑफिसात घरांचे नकाशे काढायला. साहेब इजिप्तचे. कामं यायची ती गोदामांची, नाहीतर कामगारांच्या खोल्यांची. अशात एक दिवस एक स्थानिक व्यापारी फोटोंचं पाकीट घेऊन आला. तो उन्हाळ्यात इंग्लंडला गेला होता, आणि गावाबाहेर हिरवळीवर उभं असलेलं एका उमरावाचं जुनं घर त्याच्या मनात भरलं होतं.

घर होतंच तसं. मधाच्या रंगाचा वालुकाश्म. पुढे चार उंच खांब, त्यांच्या डोक्यावर त्रिकोणी कपाळ. खालच्या मजल्याचे दगड मोठे आणि खडबडीत, वर जावं तसे गुळगुळीत. जणू घराने खाली शेतातले जोडे घातलेत आणि वर इस्त्रीचा सदरा. मधोमध रेघ मारून फोटो दुमडला, तर डावी बाजू उजवीवर चपखल बसावी.

"हे मला डोंगराच्या पायथ्याशी, माझ्या खजुराच्या बागेत पाहिजे," तो म्हणाला. "माझ्या आईसाठी."

असलं घर मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण परीक्षेला असे खांब काढले होते, तेवढ्यावर मी ऑफिसातली तज्ज्ञ झाले. खांब वर जाताना किंचित निमुळता का होतो, यावर साहेबांना मी व्याख्यान दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. बहुधा चहा यायचा होता.

नकाशा बघून त्यांनी एकच विचारलं, "मजलिसला वेगळं दार कुठे आहे?"

मजलिस म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठक. तिकडे तिला बाहेरूनच स्वतंत्र दार असतं. पाहुणा आला-गेला तरी घरातल्या बायकांना त्याचा पत्ता लागू नये.

"सर, बाजूला दार काढलं तर सिमेट्री मोडेल," मी म्हणाले. काय तो माझा आवाज! आज कुणी माझ्यासमोर तसं बोललं तर मी त्याला चहासुद्धा देणार नाही.

व्यापाऱ्याने फक्त दर्शनी चित्र पाहिलं आणि सही केली. "यल्ला," साहेब म्हणाले, आणि काम सुरू झालं.

सिमेट्रीचं भूत माझ्या अंगात किती शिरलं होतं ते सांगते. उजव्या बगलेला एका खिडकीच्या जागी आतून कोठीची भिंत येत होती. म्हणून तिथे बाहेरून नुसती चौकट ठेवून आत दगड भरला. खोटी खिडकी, जुन्या घरांत अशा असतात. पण मग डाव्या बगलेलाही तशीच खोटी खिडकी मी काढली. तिच्यामागे कोठी नव्हती, चांगली मजलिस होती, उजेड हवा होता. पण जोडीला नको का?

राजस्थानातला दगड बोटीने आला, भिंतींवर चढला. घर दिसायला झकास झालं. आणि मग व्यापाऱ्याची आई बघायला आली. आतून घर दाखवायला बाईमाणूस हवं, म्हणून मला धाडलं. म्हातारी तरुणपणी नवऱ्याबरोबर मुंबईत राहिलेली, त्यामुळे हिंदी फर्डं. चेहऱ्यावर सोनेरी झाक असलेला बुरखा, त्यातून दोन तल्लख डोळे.

दिवाणखान्यात जिन्यासमोर ती उभी राहिली. "मेहमान किधर से आएगा?"

"इधर से, अम्मा."

"और हम?"

"इधर से."

"हम सीढी उतरेगा और पूरा बाजार हम को देखेगा?"

"अम्मा, ये क्लासिकल है," मी म्हणाले. तिने मान हलवली, जणू मी एखाद्या दुखण्याचं नाव सांगितलं.

मग बाहेरून फेरी मारताना डाव्या खोट्या खिडकीवर तिने काठी टेकवली. "इस के पीछे क्या है?"

"मजलिस. पर ये खुलता नहीं. जोडी के लिए है."

"वाह! जिधर खुलना चाहिए, उधर ही बंद किया." आणि ती गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी ऑफिसात आला. साहेबांच्या खोलीतून बराच वेळ चढे आवाज येत होते. तो गेल्यावर साहेब बाहेर आले. "आई म्हणते, जुन्या घरातच राहीन. तो दुसरा इंजिनियर आणणार आहे. आणि हे गिऱ्हाईक गेलं, तर मी तुला ठेवू शकत नाही. सॉरी."

संध्याकाळी पोळ्या लाटताना म्हातारीचं बोलणं डोक्यातून जाईना, आणि एकदम ट्यूब पेटली. पोळी करपली. अगं बये, तिथेच तर दार आहे! चौकट तयार, वर भार पेलणारं लिंटेल तयार, मागे नुसती पातळ भिंत. खालचा दगड कापायचा, तीन पायऱ्या लावायच्या. पाहुण्यांच्या गाड्या डाव्या बाजूला. मग पुढचे चार खांब, ते त्रिकोणी कपाळ, सगळा थाट बायकांचा!

सकाळी ट्रेसिंगवरची शाई मी ब्लेडने खरवडली आणि दार काढलं. डावी-उजवी बाजू जुळेना, आणि गंमत म्हणजे मला काही झालं नाही. साहेबांनी नकाशा व्यापाऱ्याकडे पाठवला. उत्तर आलं नाही. मी घरी बॅगा मोजत होते. मग एक दिवस साहेब म्हणाले, "साइटवर जा, दगड कापायला माणसं आलीत."

त्या घराच्या जिवावर मला पुढे कितीतरी घरं मिळाली, आणि आमची मुलं तिकडेच शिकली. कुणाचंही घर काढताना मी आधी बायकांना विचारत आले, तुम्ही कुठून येणार?

घर झाल्यावर म्हातारीने मला कॉफीला बोलावलं. ती खांबांमध्ये गालिचा टाकून लेकीसुनांसोबत ऐसपैस बसली होती. मी खजूर तोंडात टाकला आणि धीर करून विचारलं, "अम्मा, मुझे निकाला क्यों नहीं?"

ती म्हणाली, "बेटा बोला, दूसरा इंजिनियर लाएगा. हम बोला, क्यों? ये लडकी का गलती हो गया, खलास. नया वाला का तो अभी बाकी है."