खोडरबरबाई

निळ्या पुठ्ठ्याच्या साठ वह्या होत्या. शाळेत त्यांना मनाच्या वह्या म्हणत. आत छापील प्रश्न, प्रश्नांखाली रिकाम्या ओळी. राग आला की तो अंगात आधी कुठे कळतो? कशाची लाज वाटते? झोप येत नाही तेव्हा डोक्यात काय चालतं? नववीच्या मुलींनी दर बुधवारी एक तास बसून त्या भरायच्या. कुण्या भल्या संस्थेनं त्या एकदाच फुकट दिल्या आणि संस्था गेली ती गेलीच. मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, डोकं लढवलं. मुलींनी पेन्सिलीनं लिहायचं, वर्ष संपताना वह्या परत करायच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालयातल्या बाईनं सगळं खोडून त्या पुढच्या नववीसाठी कोऱ्या करायच्या.

म्हणून ती खोडरबरबाई. मूळ नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

शाळेत ती आली झाडू घेऊन. सातवीपर्यंत शिकलेली, पण कुठलं पुस्तक कुठल्या कप्प्यात ते तिला डोळे मिटून सांगता यायचं, तेव्हा दहा वर्षांनी तिच्या हातातला झाडू गेला आणि कपाटाच्या किल्ल्या आल्या. किल्ल्या ती कमरेला अशा लावायची की गेटवरचा पहारेकरी म्हणायचा, "बाई, खजिना उघडायला निघालात की काय?"

"खजिनाच आहे. तुला वाचता येत असतं तर कळलं असतं."

घरी नवरा शिंपी. संध्याकाळी ती दुखरी बोटं कोमट पाण्यात बुडवून बसायची तेव्हा तो मशीनवरून मान वर न करता विचारायचा, "किती खोडलंस आज?"

"अकरा वह्या. तुमची बडबड खोडता आली असती तर बारा झाल्या असत्या."

मोठ्या बाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं: वाचायचं नाही, खोडायचं. मुलींना शब्द दिलाय. आता हातासमोर अक्षर आणि ते वाचायचं नाही, हे कसं जमावं? समुपदेशनाला बुधवारच्या बाई यायच्या, त्या शेवटच्या पानावर बरोबरची खूण करून मोकळ्या व्हायच्या. साठ मुली आणि एक तास, त्या तरी काय करणार? म्हणजे साठही वह्या अथपासून इतिपर्यंत बघणारं माणूस जगात एकच, आणि त्याच्या हातात खोडरबर.

हळूहळू तिला पेन्सिलीचा दाबच ओळखू यायला लागला. खोटं लिहिणाऱ्या मुली हलक्या हातानं, वळणदार लिहायच्या. एका फटक्यात पान साफ. रडत लिहिलेलं पान सुकून खडबडीत झालेलं असायचं. आणि काही मुली इतक्या दाबून लिहायच्या की शिसं निघून गेलं तरी अक्षराची चर कागदात तशीच राहायची. बोट फिरवलं की लागायची.

मागच्या वर्षीची एक्केचाळीस नंबरची वही तशी होती. वहीचा नंबर म्हणजे वर्गातला हजेरी क्रमांक. चौतिसाव्या पानावर प्रश्न होता: तुझं ऐकून घेणारी तीन माणसं लिही. त्या मुलीनं लिहिलं होतं, एक, कुणी नाही. दोन, कुणी नाही. तीन, हे वाचणारं कुणी असेल तर ते.

ते वाचून खोडरबरबाईचा हात थांबला होता. कुणाला तरी सांगावं असं मनात आलं. पण सांगायचं म्हणजे आधी वाचलं हे कबूल करायचं. मग किल्ल्या जाणार, झाडू येणार. तिनं स्वतःची समजूत काढली की या वयात मुली लिहितात असं काहीबाही. मग जोर लावून ते पान खोडलं, दोन वेळा.

शाळा उघडली तेव्हा ती मुलगी आली नाही. घरच्यांनी दुसऱ्या शाळेत घातलं, असं वर्गात सांगितलं गेलं. खरं काय ते मोठ्या बाईंना ठाऊक होतं, आणि खोडरबरबाईला, कारण मुलीचं उरलेलं सामान न्यायला आई आली तेव्हा ते बांधून द्यायला हीच होती. आई रडत नव्हती. पुन्हा पुन्हा एकच बोलत होती, "शेवटच्या आठवड्यात किती शहाण्यासारखी वागली हो. सगळं आवरून ठेवलं. मला वाटलं, सुधारली."

यंदा खोडरबरबाईनं ठरवलं होतं, चष्मा काढून खोडायचं. चष्म्याशिवाय तिला अक्षराच्या जागी नुसत्या मुंग्या दिसायच्या. कामाला हात घालायचा धीर होईना म्हणून सुरुवातही उशिराच केली. शाळा सोमवारी उघडणार आणि शुक्रवार उजाडला तरी वीस वह्या बाकी होत्या. दुपारच्या उकाड्यात, खिडकीपाशी, गठ्ठ्यातून तिनं एक्केचाळीस ओढली आणि भराभर पानं साफ करत चौतिसाव्यावर आली. पान आख्खं काळं होतं.

"कुठल्या कार्टीनं हे उद्योग केलेत?" ती पुटपुटली आणि चष्मा घातला.

कुणीतरी पेन्सिल आडवी धरून पानभर हलकेच घासली होती. आणि त्या काळ्यात, शिसं न पोचलेल्या चरींमधून, मागच्या वर्षीची अक्षरं पांढरी होऊन वर आली होती. कुणी नाही. कुणी नाही. हे वाचणारं कुणी असेल तर ते.

दोनदा खोडलं होतं ना?

खाली समासात नवं अक्षर होतं, बारीक. "मी वाचलं गं. माझंही असंच आहे." त्याखाली यंदाची तीन माणसं. "एक, मागची एक्केचाळीस. दोन, रिकामं. तीन, ज्या बाई हे खोडतात त्या. बाई, शाळा उघडेपर्यंत थांबेन."

ती उठली. वही घेऊन सरळ कार्यालयात गेली. मोठ्या बाई नव्या वर्षाचं वेळापत्रक आखत होत्या.

"खोडून झाल्या सगळ्या?"

"चाळीस झाल्या. बाई, ही बघा जरा."

मोठ्या बाईंनी पान बघितलं, मग चष्म्यावरून तिच्याकडे. "तू वाचतेस?"

"वाचते. मागच्या वर्षीही वाचलं होतं."

मोठ्या बाई उठल्या, दार लोटून आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागच्या वर्षीचं कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग आताही बोलायचं नाही. बुधवारी त्या बाई येतील, त्यांच्या कानावर घालू."

"ती सोमवारपर्यंतच थांबणार म्हणते, बाई."

"म्हणते! नववीतली पोर आहे ती. उद्या काही नसलं तर तिच्या घरचे माझ्या दारात येऊन बसतील, मुलीची वही वाचलीच कशी म्हणून. ठेव ती इथे. आणि किल्ल्याही ठेव. सोमवारपासून कोण काय करणार ते मी बघते."

खोडरबरबाईनं किल्ल्या ठेवल्या. वही नाही ठेवली.

यंदाच्या नववीची हजेरी बाहेरच्या टेबलावर होती. तिनं एक्केचाळीससमोरचा पत्ता हातावर लिहून घेतला, पेननं. वाटेत बुधवारच्या बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. गेटवर पहारेकरी म्हणाला, "बाई, कमर रिकामी दिसतेय आज," आणि तिचं तोंड बघून त्यानं झटकन गेट उघडलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कुणाकडचा तरी रेडिओ चालू होता. एकेका पायरीवर ती काय बोलायचं ते जुळवत होती: सहज आले, वहीत एक पान फाटलंय, दाखवायचं होतं. दार मुलीच्या आईनं उघडलं. हात पिठाचे.

"शाळेतून? काही केलं का तिनं?"

"नाही हो ताई. सहजच. कशी आहे?"

"अगदी छान!" आई हसली. "वर्षभर जिवाला घोर लावला होता कार्टीनं. आठवड्यापासून बघा, एकदम शहाण्यासारखी वागतेय. कपाट आवरलं, रंगांची पेटी धाकटीला देऊन टाकली. कालपर्यंत त्या पेटीला हात लावू देत नव्हती."

खोडरबरबाईनं चौकट धरली.

"पाणी आणते, बसा. अगं ए, कोण आलंय बघ!"

आतल्या खोलीचं दार उघडलं. मुलगी सडपातळ, केस घट्ट बांधलेले. आई स्वयंपाकघरात गेल्याचं बघून ती समोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही खोडता त्या ना? मला वाटलं, नाही येणार."

"वाचलं मी. खोडलं नाही."

"ती कुठे आहे?" मुलीनं विचारलं. "मागची. वर्गात सांगतात दुसऱ्या शाळेत गेली. कुठल्या?"

जिन्यात जुळवलेल्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. आहे बेटा, मजेत आहे, एवढं तरी म्हणता आलं असतं.

"ती नाही आता," खोडरबरबाई म्हणाली. "तिचं मी वाचलं होतं. कुणाला बोलले नाही. भ्याले. खोडून टाकलं."

मुलीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

"कोण नाही आता?" आई पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. "कशाबद्दल बोलताय तुम्ही दोघी?"

मुलीनं मान हलवली, बारीकशी: नको. वहीकडे हात पुढे केला. खोडरबरबाईनं वही सोडली नाही.

"तू सांग नाहीतर मी वाचून दाखवते," ती म्हणाली. "गप्प बसायचं तेवढं सोडून काहीही चालेल. रागाव माझ्यावर. शाळेत येऊन तोंड काळं कर माझं."

मुलीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"ताई, तो पेला ठेवा आणि इथे बसा. तिच्याजवळ. तिला आज एकटीला सोडू नका, रात्रीही नाही."

मग तिनं चष्मा सारखा केला, चौतिसावं पान उघडलं आणि सातवीतल्या मुलीसारखं, अक्षराखाली बोट धरून, मोठ्यानं वाचायला लागली. एक, कुणी नाही. दोन, कुणी नाही. समासातल्या बारीक अक्षरापर्यंत ती पोचली तेव्हा आईनं मुलीचं मनगट धरलं होतं, पिठाच्या हातानं. मुलगी ते सोडवू बघत होती. आई सोडत नव्हती. खोडरबरबाईनं वर पाहिलं नाही, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे वाचत राहिली.