परातीतला पहिला तुकडा

शेंगापोळी केली की मी ती सगळी परातीत मोडते. माझी पोरं वैतागतात. "आई, सरळ ताटात वाढ की!" मी म्हणते, "गप खा." मुळात मी तापट, तेव्हाही आणि आताही. पण शेंगापोळी ताटात वाढायला हातच धजत नाही, काय करू?

वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. आई जळकोटला रोजानं शेतावर जायची, घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं. म्हणून ईट गावाच्या पुढं माळावर मुलींचं बालगृह होतं, तिथं मला ठेवलं. वर पत्रे, दारात कडुनिंब आणि आम्हाला सांभाळणारी मावशी. काय आवाज होता बाईचा! हाक मारली की माळावरची शेरडंसुद्धा माना वर करायची. संध्याकाळी कडुनिंबाखाली ती एकेकीच्या वेण्या घालायची, इतक्या ताणून की डोळ्यांत पाणी यायचं. ते दुखणं मला अजून हवंहवंसं वाटतं.

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी भेट असायची. आई तीन एसट्या बदलून यायची, फडक्यात शेंगापोळ्या बांधून. पण मावशीचा एक कायदा होता. कुणाच्याही घरून काहीही येवो, सगळं एका परातीत मोडायचं, आणि जिचं कुणी आलं नाही तिनं पहिला तुकडा उचलायचा. माझ्या शेजारच्या गादीवर झोपणाऱ्या मुलीकडं कधीच कुणी यायचं नाही. म्हणजे माझ्या आईची पोळी आधी तिनं खायची! माझं डोकंच फिरायचं. एकदा तर मी तिला तोंडावर "फुकटी" म्हणाले.

मी चौथीत असताना मामांनी आईचं दुसरं लग्न ठरवलं. त्यानंतरच्या भेटीला तिनं मला लई वेळ पोटाशी धरलं. "आता त्या घरचे सोडतील तवा येईन गं बाय," म्हणाली. त्या दिवशी मी एक पोळी चोरली. आईनं माझ्यासाठीच आणलेली, आणि ती मी चोरली, बघा! पेटीत फ्रॉकच्या घडीत लपवली. पोळी आहे तोवर आई येणार, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

पुढच्या भेटीला आई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही वेळा मी रुसून बसले, परातीजवळ फिरकलेच नाही. मग मुंग्यांनी चुगली केली. पेटीपर्यंत त्यांची रांग लागली आणि मावशीनं झाकण उघडलं. आता कान पिळणार म्हणून मी अंग चोरून उभी. तिनं मुंग्या झटकल्या आणि पोळी होती तिथं परत ठेवली. "तुझ्या आईची हाय. कवा काढायची ते तू ठरव," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या भेटीच्या रविवारी मी सकाळपासून फाटकापाशी बसले. एसटीचा हॉर्न ऐकला की उठायची, परत बसायची. दुपारची गाडी गेली, आत सगळ्या परातीभोवती जमल्या. मी उठले, पेटीतली पोळी आणली आणि परातीत मोडली. इतकी कडक झाली होती की खापरासारखी वाजली. आई आता येणार नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि सगळ्यांसमोर रडू फुटलं.

सवयीनं मी पहिला तुकडा त्या शेजारणीपुढं धरला. तिनं घेतला नाही. चिडवायचं तिच्या मनातही नव्हतं, अगदी साधेपणानं म्हणाली, "आज पहिला तू घे. तुझं बी कुणी आलं न्हाय न्हवं?"

आणि थोडी सरकून तिनं मला आपल्या शेजारी जागा केली.